अपघात दुसऱ्याचाच

सरकारी नोकरीत रुजू होणाऱ्या प्रत्येक माणसाकडून पहिल्या काही दिवसांतच एक कागद भरून घेतला जातो. त्याला नामनिर्देशनपत्र म्हणतात. आपल्या पश्चात आपले उपदान, गटविम्याची रक्कम आणि जे काही देणे निघेल ते कोणाच्या हाती पडावे, हे नव्या उमेदवाराने त्यात लिहून द्यायचे असते. खाली दोन साक्षीदार सही करतात. बंगळूरच्या एका केंद्रीय कचेरीत हा कागद भरून घेण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. आणि आमचे निरीक्षण असे की, तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा हा कागद जितक्या प्रसन्न चित्ताने भरतो, तितक्या प्रसन्नतेने तो रजेचा अर्जही भरीत नाही. तो आईचे नाव लिहितो, हिस्सा शंभर टक्के असे लिहितो आणि साक्षीदाराकडे पाहून हसतो. आपल्या मृत्यूची शक्यता आपण सरकारदरबारी लेखी कबूल केली आहे, हे त्याच्या गावीही नसते.

याच टेबलावर दुसऱ्याही फायली येतात. सेवेत असताना मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या, आणि अनुकंपा तत्त्वावर नोकरी मागणाऱ्या त्यांच्या बायकामुलांच्या. गट 'क'च्या सरळ भरतीतील शेकडा पाचच जागा अशा नेमणुकांना मिळू शकतात, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना तोंडपाठ असेल; त्यामुळे अर्जांची रांग सहसा पुढे सरकत नाही. या फायलींत मृत्यूचे कारण एका ओळीत आटोपलेले असते. आजार असला तर त्याचे लांबलचक नाव असते. काही ठिकाणी मात्र दोनच शब्द असतात : रस्त्यावरील अपघात. आणि त्याच फायलीच्या तळाशी तो हसत हसत भरलेला कागद लावलेला असतो.

हे दोन कागद एकत्र पाहणाऱ्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. या माणसाला धोका ठाऊक नव्हता असे म्हणावे, तर ते खरे नाही. ठाऊक होता असे म्हणावे, तर मग तो तसा का वागला? आणि नंतर आणखी एक प्रश्न, जो आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो : स्वतःविषयी चुकीची समजूत बाळगणे हा केवळ बुद्धीचा दोष आहे, की त्याला नीतीच्या दृष्टीनेही दोष म्हणावे?

प्रथम तरुणांकडे पाहू. बंगळूरची वाहतूक ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको की, गर्दीच्या वेळी येथे वेगाने जाऊन मरणे ही गोष्ट सोपी नाही. २०२२ साली जगातल्या मोठ्या शहरांची जी एक मोजणी प्रसिद्ध झाली, तीत या शहराच्या मध्यभागी दहा किलोमीटर जायला सुमारे एकोणतीस मिनिटे लागतात असे निघाले होते, आणि मंदगतीत लंडनच्या खालोखाल दुसरे स्थान आमच्या शहराला मिळाले होते. परंतु रात्री साडेदहा-अकराच्या पुढे हेच रस्ते मोकळे होतात. दिवसभर सिल्क बोर्डाच्या चौकात मुंगीच्या पावलांनी चाललेला तरुण तेव्हा बाह्य वर्तुळमार्गावर आपला दिवसाचा सूड उगवून घेतो. त्याचे हेल्मेट कोपरात अडकवलेले असते. पुढच्या चौकात पोलीस दिसला की ते डोक्यावर चढते. पोलीस मागे पडला की उतरते. म्हणजे त्याला भीती आहे. पण ती दंडाची आहे, डोके फुटण्याची नाही.

आमच्या कचेरीतला सोलापूरकडचा एक मुलगा असाच आहे. त्याच्या एका मित्राविषयी आम्ही त्याला विचारले, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "दादा, तो एक दिवस मरणार. वळणावर मागचापुढचा विचार करत नाही." आम्ही म्हणालो, "आणि तू?" तो म्हणाला, "माझं तसं नाही. माझा हात बसलाय."

या उत्तराकडे विनोद म्हणून पाहू नये. मानसशास्त्रज्ञांनी हेच उत्तर कागदावर मोजून ठेवले आहे. ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील व स्वीडनमधील काही चालकांना विचारले होते की, बरोबरच्या लोकांच्या तुलनेत तुमचे कौशल्य कितपत? अमेरिकनांपैकी शेकडा ९३ जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवले. स्वीडिशांपैकी शेकडा ६९ जणांनी. अर्ध्या भागात अर्ध्यापेक्षा अधिक माणसे मावत नाहीत, हे चौथीच्या गणितातले आहे. पुढे १९८६ साली पीटर फिन आणि बॅरी ब्रॅग यांनी १८ ते २४ वर्षांचे तरुण आणि ३८ ते ५० वर्षांचे प्रौढ अशा पुरुष चालकांची तुलना केली. तरुण चालकांना अपघाताचा धोका अधिक असतो, हे दोन्ही गटांना मान्य होते. तरुणांनाही ते मान्य होते! फक्त त्यांपैकी प्रत्येकाला स्वतःचा धोका आपल्या बरोबरीच्या तरुणांपेक्षा कमी वाटत होता, इतकेच नव्हे तर त्या प्रौढांपेक्षाही कमी वाटत होता. प्रौढांनी मात्र स्वतःचा धोका आपल्यासारख्याच इतरांच्या बरोबरीचा मानला.

आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. तरुणाला नियम ठाऊक नाही असे नाही. नियम त्याला तोंडपाठ आहे. तो त्याला स्वतःचा अपवाद जोडतो. म्हणूनच त्याला आकडे सांगून फारसा उपयोग होत नाही. २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे दिवसाला सरासरी चारशे साठांहून अधिक. त्यांत शेकडा चव्वेचाळीसांहून जास्त दुचाकीवरची होती. आणि १८ ते ४५ या वयातली माणसे सुमारे दोन-तृतीयांश होती. हे ऐकून तो मान डोलावील आणि म्हणेल, "लोक फार बेफिकीर चालवतात." १ ऑगस्ट २०२३ पासून नव्या बंगळूर-म्हैसूर द्रुतमार्गाच्या मुख्य रस्त्यावर दुचाकींना बंदी झाली, तेव्हाही आम्ही हाच सूर ऐकला : बंदी योग्यच आहे, पण आमच्यासारख्यांना तिचा भुर्दंड का?

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. मृतांत तरुण अधिक, यावरून सारा दोष तारुण्याचा ठरत नाही. तरुण माणसे रस्त्यावर अधिक असतात. नोकरीसाठी, माल पोहोचवण्यासाठी, घरोघर जेवणाचे डबे नेण्यासाठी तीच दुचाकीवर बसलेली असतात. त्यांतले कित्येक दुसऱ्याच्या चाकाखाली मेलेले असतात. तथापि जेथे चाललेल्या अंतराच्या प्रमाणात मोजणी झाली आहे, त्या अमेरिकेतही सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकांच्या हातून होणारे प्राणांतिक अपघात त्याहून मोठ्या वयाच्या चालकांच्या सुमारे तिप्पट निघतात. सत्तरीनंतर हे प्रमाण पुन्हा चढू लागते. त्यात वृद्ध शरीर लहानशा आघातानेही कोलमडते, हाही भाग आहे.

मग माणूस अनुभवाने का शिकत नाही? कारण रस्ता हा फार वाईट शिक्षक आहे. चूक केली की लगेच छडी मारणारा शिक्षक कठोर असेल, पण त्याच्या हाताखाली पोरे शिकतात. रस्ता मात्र हजार चुका पोटात घालतो. तांबडा दिवा ओलांडला, काही झाले नाही. उलट दिशेने पाचशे पावले गाडी नेली, काही झाले नाही. दोन बसगाड्यांच्या फटीतून निसटलो, काही झाले नाही. प्रत्येक सुखरूप पोहोचण्याला हा माणूस आपल्या कौशल्याचे प्रमाणपत्र समजतो. एका फेरीतला धोका इतका लहान असतो की, एका माणसाच्या अनुभवात तो दिसतच नाही. तो दिसतो लाखोंची बेरीज करणाऱ्याला. २०१९ साली १,५१,११३ मृत्यू. २०२१ साली १,५३,९७२. येत्या वर्षाच्या यादीत अजून एकही नाव लिहिलेले नाही, पण ती यादी किती पाने भरेल हे जवळजवळ ठरलेले आहे. बेरीज करणाऱ्याला नावे दिसत नाहीत, आणि नाव धारण करणाऱ्याला बेरीज दिसत नाही. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात ही म्हण आपल्याकडे आहेच. पण सुपातल्या दाण्यांची अशी समजूत असते की, आपण मुळात सुपातच नाही.

खात्री ढळली की माणूस कसा वागतो, याचे एक मोठे उदाहरण स्वीडनने घालून दिले आहे. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे त्या देशाने डाव्या बाजूची वाहतूक एका दिवसात उजव्या बाजूला नेली. सर्वांना वाटले, आता रक्ताचे पाट वाहणार. घडले उलटेच : अपघात कमी झाले. कोणालाच आपला हात बसला आहे असे वाटत नव्हते, म्हणून प्रत्येक जण जपून चालला. काही काळाने नवी बाजू अंगवळणी पडली, आणि अपघातही आपल्या जुन्या पातळीवर परत आले.

तरुणांची गोष्ट येथपर्यंत सर्वांना मान्य होते. कारण वाचणारे बहुधा तरुण नसतात. पण अपवादाची ही सोय प्रत्येक वयाने स्वतःपुरती करून घेतलेली आहे. तरुण म्हणतो, माझा हात बसला आहे. तिशी-चाळिशीतला गृहस्थ हाताची बढाई मारीत नाही. तो काळ मागे पडलेला असतो. तो म्हणतो, माझा नाइलाज आहे. साडेनवाला हजेरी आहे, मुलाची शाळेची बस चुकली आहे, पाठीमागे बायकोला तिच्या कचेरीत सोडायचे आहे. तो धोका पत्करतो तो हौसेने नव्हे, कर्तव्य म्हणून. आणि कर्तव्याच्या पोटी केलेली घाई देवाच्या दरबारी माफ असावी, अशी त्याची अंतर्यामी समजूत असते. आपणां परप्रांतात बदलून आलेल्या लोकांचा तर यात एक खास वार्षिक विधीच आहे. दिवाळीची रजा मोजून तीन दिवसांची मिळते. संध्याकाळी कचेरी सुटली की सामान गाडीत टाकायचे आणि पुणे-बंगळूर महामार्गाला लागायचे : तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, आणि उजाडताना कोल्हापूर. सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर, एका रात्रीत, दिवसभर काम केलेल्या माणसाने. पहाटे दोन ते पाच या वेळात झोप डोळ्यांवर न सांगता उतरते, हे त्यालाही ठाऊक असते. पण आई वाट पाहत असते, आणि रजेचा एक दिवस वाचत असतो. एक किरकोळ रजा वाचवण्यासाठी चार जिवांची जोखीम घेणारा हा माणूस एरवी बँकेच्या ठेवीवर पाव टक्का व्याज कमी पडले तरी चौकशी करतो.

याच मार्गाने जाताना दावणगेरे जिल्ह्यात, हमरस्त्यापासून बऱ्याच आत, चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे नावाचे गाव आहे. तेथे शहाजीराजांची समाधी आहे. १६३८ नंतर बंगळूरची जहागीर ज्यांच्याकडे आली आणि ज्यांच्यामुळे या शहराशी आपले नाते जडले, त्या राजांचा शेवट १६६४ च्या जानेवारीत शिकारीमागे घोडा फेकताना घोड्यावरून पडून झाला. साठी ओलांडलेली, आणि सारी हयात घोड्याच्या पाठीवर गेलेली. त्या अपघातात प्राण गेला तो स्वाराचाच. घोड्यावरच्या आणि मोटारीतल्या वृद्धात आम्हांला जो फरक दिसतो तो एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

म्हाताऱ्या माणसाचा अपवाद अनुभवावर उभा असतो. मल्लेश्वरात राहणारे आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. मुलगा त्यांना म्हणतो, "बाबा, आता गाडी नका काढू. हवं तर मी रिक्षा बोलावून देतो." ते उत्तर देतात, "बेचाळीस वर्षं चालवतोय. गाडीवर एक ओरखडा दाखव." ओरखडा खरोखरच नाही. पण बेचाळीस वर्षांचा अनुभव हा बेचाळीस वर्षांपूर्वीच्या डोळ्यांचा, मानेचा आणि पायांचा आहे, हे मुलाने बापाला कोणत्या तोंडाने सांगावे?

थोरामोठ्यांचीही यातून सुटका नाही. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी १७ जानेवारी २०१९ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, सँड्रिंगहॅमजवळ आपली गाडी दुसऱ्या गाडीवर घातली. त्या गाडीतल्या दोन स्त्रिया जखमी झाल्या. एकीचे मनगट मोडले. ऊन डोळ्यांवर आले होते, असे त्यांनी तिला पत्रातून कळवले. पुढच्या महिन्यात त्यांनी परवाना परत केला. त्याच वर्षी १९ एप्रिलला तोक्योच्या इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या एका चालकाने एका तरुण आईला आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला चिरडून मारले. गाडीतच बिघाड होता, हे त्याने न्यायालयात शेवटपर्यंत सांगितले. न्यायालयाने ठरवले की, ब्रेकऐवजी त्याने वेगाचा पेडल दाबला होता. २०२१ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तो खोटे बोलत होता असे आम्हांला वाटत नाही. आपला पाय चुकला ही गोष्ट मानणे त्याला अशक्य झाले असावे.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी आहे. त्यांच्यातले पुष्कळसे बोलतात एक आणि वागतात दुसरे. "मला काही होत नाही" असे म्हणणारे आजोबा पावसात गाडी काढत नाहीत, संध्याकाळनंतर काढत नाहीत, हेब्बाळचा उड्डाणपूल टाळून लांबच्या गल्ल्यांनी जातात. तोंडाने अपवाद आणि हाताने नियम, असे त्यांचे चालते. शिवाय तरुणाला हेल्मेट घालायला सांगणे म्हणजे त्याच्याकडून फार तर केसांची घडी मागणे होय. म्हाताऱ्याकडून किल्ली मागणे म्हणजे त्याचे देऊळ, त्याची भाजी, त्याचा मित्र आणि कोणालाही न विचारता घराबाहेर पडण्याचा त्याचा हक्क मागणे होय. तेव्हा दोघांच्या हट्टाला एकाच मापाने मोजणे आम्हांला रास्त वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मनापासून बाळगलेल्या समजुतीबद्दल माणसाला दोषी धरता येईल काय? विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, 'दि एथिक्स ऑफ बिलीफ' या निबंधात हाच प्रश्न घेतला होता. त्याने एका जहाजमालकाची कल्पना केली. जहाज जुने आहे, दुरुस्तीला आले आहे, आणि परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबे त्यात बसणार आहेत. मालकाच्या मनात शंका येतात. पण जहाजाने इतक्या सफरी सुखरूप केल्या, तशी हीही करील, असे तो स्वतःला समजावतो. आणि शेवटी त्याची तशी प्रामाणिक खात्री होते. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, मालक दोषी आहे. खात्री प्रामाणिक असली तरी ती बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता, कारण ती त्याने पुरावा तपासून मिळवलेली नव्हती, शंका दाबून मिळवलेली होती. आणि पुढे तो याहून कठोर गोष्ट सांगतो : जहाज बुडाले नसते तरीही मालक तितकाच दोषी ठरला असता. हा लेखक स्वतः १८७० साली सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी निघालेल्या मोहिमेत सिसिलीजवळ जहाज फुटून वाचलेला होता, हे कळल्यावर त्याची कठोरता आम्हांला अधिक समजली.

क्लिफर्डचे हे शेवटचे वाक्य रस्त्यावर आणून पाहावे. दारू पिऊन घरी सुखरूप आलेला, डुलक्या घेत कोल्हापूर गाठलेला, नव्वदच्या वेगाने चौक ओलांडून हसत उतरलेला, हे सगळे त्याच्या न्यायाने आजच अपराधी आहेत. रस्त्याने त्यांना पकडून दिले नाही एवढेच. आपला व्यवहार मात्र याच्या नेमका उलट चालतो. जो पोहोचला त्याला आपण धाडसी म्हणतो आणि ज्याच्या हातून माणूस मेले त्याला नराधम. दोघांचे वर्तन एकच होते. फरक पडला तो त्या क्षणी समोरून कोणी येत होते की नाही, एवढ्याने.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो पोरकट नाही. स्वतःवर थोडी अवाजवी श्रद्धा नसती तर माणसाने काय केले असते? कोणी पोहायला शिकले नसते, कोणी घाट चढला नसता, आणि आमचे वाचक आपापला जिल्हा सोडून कानडी मुलखात बदलीवर आले नसते. तारुण्याला भविष्य मोठे दिसते म्हणूनच ते काही करू शकते. हे सर्व आम्हांला मान्य आहे. पण धैर्य या शब्दाला आपल्याकडे जो मान आहे तो पणाला लावलेली वस्तू स्वतःची असते म्हणून. शिडाच्या होडीने एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्याला आम्ही नमस्कार करू. रस्त्यावर मात्र अंदाज करणारा एक असतो आणि किंमत मोजणारा बहुधा दुसरा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील भारी मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या दोघांनी त्या मुलाच्या कौशल्याचा अंदाज केलेला नव्हता; त्यांना तो विचारण्यातही आला नव्हता.

त्या प्रकरणी बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्या मुलाला रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, आणि देशभर संताप उसळला. संताप योग्य होता. खटल्याचे जे व्हायचे ते न्यायालयात होईल. आम्हांला मात्र त्या अटीत एक वेगळीच उणीव दिसते. असा निबंध कोणताही मुलगा उत्तम लिहील. वेग वाईट, दारू वाईट, नियम पाळावेत. ते त्याला सारे येते, दुसऱ्यांविषयी. ज्या एका वाक्यासाठी निबंध लिहायला लावायचा ते वाक्य तीनशे शब्दांत कोठेच येत नाही, कारण त्याचा कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी असतो.

महाभारतातला यक्षाचा प्रसंग या संदर्भात आम्हांला पुन्हा पुन्हा आठवतो. माणसे रोज मरताना पाहूनही उरलेल्यांना आपण कायमचे असे वाटते, या आश्चर्याचे युधिष्ठिराने दिलेले उत्तर सर्वांच्या ओठांवर असते. पण त्याआधी तळ्याच्या काठी काय घडले ते आपण विसरतो. प्रथम नकुल पाण्याला गेला. आधी उत्तर दे, मग पाणी पी, असा इशारा त्याने ऐकला आणि तरीही तो प्याला. मग सहदेव आला. त्याला भाऊ मरून पडलेला दिसला, इशाराही ऐकू आला, आणि तो प्याला. मग अर्जुन, दोन प्रेते पाहून. मग भीम, तीन पाहून. प्रत्येकापुढे पुरावा वाढत गेला होता आणि प्रत्येकाने तो आपल्याला लागू नाही असे मानले. अर्जुनाचा भरवसा बाणावर होता, भीमाचा बाहूंवर, तहान तर सर्वांनाच लागलेली होती. थांबला तो थोरला. यावरून वय वाढले की शहाणपण येते असा धडा कोणी काढील, तर त्याने भीमाचे वय पाहावे. तो धर्माहून फारसा लहान नव्हता. आणि जो तळ्याकाठी थांबला तोच धर्मराज द्यूताच्या पटावर, भाऊ हरले, स्वतःला हरला, तरी पुढचा फासा आपला पडेल म्हणून थांबला नव्हता.

कायद्याने या गोष्टीचा विचार कसा केला आहे, हे आमच्या पेशाप्रमाणे आम्ही पाहिले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत घेतलेला परवाना वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत चालतो. तीस ते पन्नास या वयात घेतलेला दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्नमध्ये घेतलेला साठीपर्यंत. आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलावर सरकार बावीस वर्षे विश्वास टाकते, आणि छप्पन्न वर्षांच्या माणसावर पाच. कायद्याने तपासली ती शरीराची झीज. डोळे, कान, हातपाय. ती तपासता येते म्हणून तपासली. ज्या वयात डोळे उत्तम आणि अंदाज सर्वांत वाईट, त्या वयाला सर्वांत लांब मुदत मिळाली. त्याच दुरुस्तीने एक कलम मात्र असे घातले की, अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड व्हावा आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळू नये. किल्ली ज्याने दिली त्याच्या अंदाजालाही येथे हिशेबात धरले आहे, आणि आमच्या मते ही दिशा बरोबर आहे. आपल्याला आपला धोका आतून दिसत नाही हे एकदा मान्य केले, की तो बाहेरून पाहणाऱ्याच्या शब्दाला काही अधिकार द्यावा लागतो.

असा अधिकार घरातल्या घरात देता येतो, हे आम्ही आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात पाहिले आहे. मूळचे कोल्हापूरचे. गाडीत चालवणारे तीन : सहासष्ट वर्षांचे वडील, बेचाळीस वर्षांचा थोरला मुलगा आणि चोवीस वर्षांचा धाकटा. दर दिवाळीला निघताना वाद ठरलेला. धाकटा म्हणे, बाबांना रात्रीचे दिसत नाही. बाबा म्हणत, हा पोरगा गाडी चालवत नाही, उडवतो. थोरला म्हणे, तुम्ही दोघेही झोपा, मीच नेतो. आणि त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे. तिघांचेही एकमेकांविषयीचे म्हणणे बरोबर होते. दोन वर्षांपूर्वी थोरल्या सुनेने सांगून टाकले की, गाडी कोणी चालवायची आणि केव्हा थांबवायची हे यापुढे चालवणाऱ्याने ठरवायचे नाही. मुलांना घेऊन मागे बसते ती ठरवील. बाबा आठ दिवस तिच्याशी बोलत नव्हते. गेल्या दिवाळीत रात्री दीडच्या सुमारास राणेबेन्नूरजवळ ती म्हणाली, "भावोजी, बास. बाजूला घ्या." गाडी एका पेट्रोलपंपाच्या दिव्याखाली लावून सर्व जण उजाडेपर्यंत झोपले. नरकचतुर्दशीचे पहाटेचे अभ्यंगस्नान अर्थातच हुकले. घरी पोहोचायला बारा वाजून गेले होते. सासूबाई थोड्या रागावल्या, मग भर दुपारी पाणी तापवून त्यांनी सगळ्यांना उटणे लावले.